वाडीची वीज वाडीच्या हाती
एकदिश सूक्ष्म वीजजालाची रचना आणि नियंत्रण

वीज म्हटली की दूरवरचे औष्णिक वा जलविद्युत केंद्र, डोंगर ओलांडून येणारे उंच मनोरे, गावाच्या वेशीवरचे रोहित्र आणि तेथून घरोघर गेलेल्या तारा असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. हे चित्र चुकीचे नाही. देशातील बहुतेक घरांत याच मार्गाने प्रकाश आला आहे. मणिपूरमधील लेसांग या गावी २८ एप्रिल २०१८ रोजी वीज पोचली आणि जनगणनेत नोंद असलेल्या सर्व वस्तीच्या गावांचे विद्युतीकरण पूर्ण झाल्याचे जाहीर करण्यात आले. परंतु गावाची नोंद विद्युतीकृत म्हणून होणे आणि त्या गावच्या अखेरच्या पाड्यावर पावसाळ्याच्या रात्री दिवा जळत राहणे, या दोन गोष्टींमध्ये अंतर आहे. डोंगरउतारावर विखुरलेल्या घरांपर्यंत लांब वाहिनी नेणे खर्चाचे असते. वादळात झाड कोसळले की ती वाहिनी दुरुस्त होण्यास दिवस लागतात. अशा ठिकाणी वाडीतच वीज निर्माण करून वाडीतच ती साठविण्याचा आणि वाटण्याचा एक मार्ग आता तंत्रज्ञांनी सिद्ध केला आहे. त्याला सूक्ष्म वीजजाल किंवा प्रचलित भाषेत मायक्रोग्रिड असे म्हणतात. त्यातील एकदिश प्रवाहावर, म्हणजे डी.सी.वर, चालणाऱ्या प्रकाराची ओळख येथे करून द्यावयाची आहे.

जुना प्रवाह, नवे दिवस

एकदिश प्रवाह नावाप्रमाणे एकाच दिशेने वाहतो. आपल्या घरातील नेहमीचा प्रवाह प्रत्यावर्ती, म्हणजे ए.सी. असतो, तो सेकंदाला ५० आवर्तने करीत पुढे-मागे होत असतो. विजेच्या धंद्याचा आरंभ मात्र एकदिश प्रवाहानेच झाला. थॉमस एडिसन यांनी सप्टेंबर १८८२ मध्ये न्यूयॉर्क शहरातील पर्ल स्ट्रीट येथे जे वीज केंद्र सुरू केले, ते एकदिश प्रवाहाचे होते. ही वीज फार दूर नेता येत नसे. तारेतील वीजनाश कमी करावयाचा तर दाब वाढवावा लागतो, आणि त्या काळी एकदिश प्रवाहाचा दाब सहजी वाढविण्याचे साधन नव्हते. प्रत्यावर्ती प्रवाहाचा दाब रोहित्राने हवा तेवढा चढविता-उतरविता येतो. या एका सोयीमुळे प्रत्यावर्ती प्रवाहाने जग जिंकले.

तरीही एकदिश प्रवाह पूर्णपणे हद्दपार कधीच झाला नाही. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी धावली ती १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. मुंबईच्या उपनगरी मार्गांवरून तो टप्प्याटप्प्याने काढून २०१६ पर्यंत त्याची जागा २५ हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाने घेतली. दुसरीकडे, चंद्रपूरची वीज मुंबईजवळच्या पडघे येथे आणणारी सुमारे ७५० किलोमीटरची वाहिनी १९९९ मध्ये सुरू झाली ती एकदिश प्रवाहाचीच. तिचा दाब ५०० किलोव्होल्ट आणि क्षमता १,५०० मेगावॅट आहे. अर्धसंवाहकांपासून बनविलेल्या परिवर्तकांमुळे एकदिश प्रवाहाचा दाबही आता हवा तसा बदलता येतो, म्हणून हे शक्य झाले. तेच परिवर्तक लहान आकारात, माफक किमतीत मिळू लागल्यामुळे वाडीच्या पातळीवरही एकदिश प्रवाहाचा विचार करता येतो.

तो करावा याचे कारण साधे आहे. सौर पॅनेल एकदिश वीज देते. बॅटरी एकदिश वीज घेते आणि देते. एल.ई.डी. दिवा, मोबाईल, संगणक, दूरचित्रवाणी संच आणि नव्या धर्तीचा काटकसरी पंखा ही साधने आतून एकदिश प्रवाहावरच चालतात. असे असता मध्येच इन्व्हर्टर बसवून विजेचे प्रत्यावर्ती रूप करावयाचे आणि प्रत्येक साधनापाशी ते पुन्हा एकदिश करावयाचे, यात प्रत्येक पायरीवर काही टक्के वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. जेथे निर्मिती मोजकी आहे तेथे ही उधळपट्टी परवडणारी नाही. मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने ४८ व्होल्टची एकदिश पद्धती विकसित केली आणि राजस्थानातील जोधपूर व जैसलमेर जिल्ह्यांतील दूरस्थ वाड्या-ढाण्यांमधील हजारो घरांत ती वापरात आणली गेली. भारतीय मानक ब्यूरोनेही ४८ व्होल्टच्या एकदिश वितरणासाठी २०१७ मध्ये मार्गदर्शक मानक प्रसिद्ध केले. त्यामुळे हा विषय आता केवळ प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही.

आधी गरजेचा हिशेब

कोणत्याही सूक्ष्म वीजजालाच्या रचनेचा आरंभ पॅनेलपासून होत नाही. तो गरजेच्या मोजणीपासून होतो. उदाहरणासाठी ४० घरांची एक वाडी कल्पू या. प्रत्येक घरी ५ वॅटचे ३ दिवे रोज ५ तास जळतात, म्हणजे ७५ वॅट-तास. ३० वॅटचा एक काटकसरी पंखा ८ तास फिरतो, म्हणजे २४० वॅट-तास. मोबाईलसाठी १० धरले की घरामागे ३२५ वॅट-तास होतात. ४० घरांचे १३ हजार वॅट-तास, म्हणजे १३ युनिट झाले. रस्त्यावरचे १० दिवे, शाळेतील पंखे व इतर साधने यांसाठी आणखी २ युनिट धरावेत. वाडीची रोजची गरज १५ युनिट झाली.

पॅनेलच्या प्रत्येक किलोवॅटमागे, ढगाळ दिवस आणि बॅटरीतील घट लक्षात घेऊन, दिवसाला ३ युनिट हाती लागतील असे सावधपणे धरले, तर ५ किलोवॅटची पॅनेल पुरतात. ऊन नसताना दोन दिवस निभावे अशी तरतूद करावयाची तर बॅटरीतून ३० युनिट निघाले पाहिजेत. परंतु बॅटरी तळापर्यंत रिकामी करीत गेल्यास ती अल्पायुषी होते. लिथियम प्रकारची बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरावयाची ठरविली तर ३७ ते ३८ युनिट क्षमतेची घ्यावी लागेल. शिसे-आम्लाची बॅटरी ५० टक्क्यांपर्यंतच वापरणे हिताचे असल्यामुळे ती ६० युनिटांची लागेल.

या हिशेबातील एक बाब विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. घराच्या ३२५ वॅट-तासांपैकी २४० एकट्या पंख्याचे आहेत. जुन्या धर्तीच्या पंख्याला ३० ऐवजी ७० ते ७५ वॅट लागतात. वाडीत तेवढी वीज खाणारे पंखे लागले तर सारा आराखडा कोलमडेल. साधने कोणती वापरावयाची, हा प्रश्न म्हणूनच रचनेचा अविभाज्य भाग आहे.

तारेचा हिशेब

आता वितरणाकडे वळू. ८ घरांच्या एका रांगेला सायंकाळी ४०० वॅट लागतात आणि ती रांग बॅटरीघरापासून १०० मीटरवर आहे असे समजा. तारेत दाबाची घट ५ टक्क्यांहून अधिक होऊ नये, असा दंडक आहे. दाब १२ व्होल्ट ठेवला तर प्रवाह ३३ अँपिअरच्या वर जातो आणि तांब्याच्या तारेचा छेद सुमारे १९४ चौरस मिलिमीटर ठेवावा लागतो. एवढी जाड तार वाडीला परवडणे शक्य नाही. २४ व्होल्टला ४९ चौरस मिलिमीटर लागतात. ४८ व्होल्टला मात्र १२ चौरस मिलिमीटर पुरतात. दाब चौपट झाला की तार सोळा पटींनी बारीक चालते, हा नियम पंचायत सदस्यांनी लक्षात ठेवावा. एखाद्या पुरवठादाराने १२ व्होल्टवर दूरच्या घरांना वीज देण्याचे अंदाजपत्रक आणले, तर शेवटच्या घराला किती दाब मिळेल हे त्यास लेखी विचारावे. पाटाच्या शेपटीकडील शेतकऱ्याला पाणी कमी मिळते. तारेच्या शेपटीकडील घराची तीच गत होते.

४८ व्होल्टलाही मर्यादा आहे. अंतर तिप्पट झाले तर तारेचा छेद तिप्पट करावा लागतो. म्हणून विखुरलेल्या वाड्यांसाठी ४८ व्होल्टचे लहान लहान गट करून त्यांना ३८० व्होल्टच्या मुख्य वाहिनीने जोडण्याची पद्धत अवलंबिली जाते. प्रत्येक गटापाशी परिवर्तक बसवून दाब उतरविला जातो.

येथे सुरक्षिततेचा प्रश्न येतो. एकदिश प्रवाह १२० व्होल्टपर्यंत सामान्यतः अतिनिम्न दाबाचा समजला जातो, आणि कोरड्या परिस्थितीत ४८ व्होल्टपासून माणसाला प्राणघातक धक्क्याचे भय फारच कमी असते. ३८० व्होल्टची गोष्ट वेगळी आहे. ती वाहिनी प्रशिक्षित माणसाखेरीज कोणी उघडू नये. शिवाय एकदिश प्रवाह तोडणे अवघड असते. प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे बटण उघडताना पडणारी ठिणगी आपोआप विझते. एकदिश प्रवाह शून्यावर येतच नाही. ठिणगी लांबत जाऊन बटण जळू शकते. त्यासाठी बटणे, फ्यूज आणि प्रवाहखंडक हे एकदिश प्रवाहासाठीच बनविलेले असावेत. बाजारातून स्वस्त म्हणून आणलेले नेहमीचे बटण येथे आगीला निमंत्रण ठरू शकते.

दाब हाच संदेश

रचना झाली, आता नियंत्रण. राज्याच्या विशाल वीजजालात मागणी आणि निर्मिती यांचा तोल बिघडला की त्याची खूण वारंवारतेत दिसते. मागणी वाढली की ५० आवर्तनांची संख्या किंचित उतरते. एकदिश जालात वारंवारता नसते. तेथे तोल कळतो तो दाबावरून. निर्मिती अधिक झाली की दाब चढतो, वापर अधिक झाला की उतरतो. हीच गोष्ट नियंत्रणाचा पाया आहे. प्रत्येक यंत्र आपल्यापाशी असलेला दाब मोजून, दुसऱ्या यंत्राशी एक शब्दही न बोलता, आपले काम ठरवू शकते.

पहिला प्रश्न असतो भार वाटून घेण्याचा. एकाच वाहिनीला दोन परिवर्तक वीज पुरवीत आहेत आणि वाडीला २० अँपिअर हवे आहेत, असे समजा. कारखान्यातून येताना एकाची जुळणी ४८.२ व्होल्टवर झाली, दुसऱ्याची ४८.० वर. फरक क्षुल्लक दिसतो. पण दोघांच्या तारांचा रोध प्रत्येकी ०.०१ ओहम एवढा अल्प असेल, तर पहिला परिवर्तक सारेच्या सारे २० अँपिअर ओढतो आणि दुसरा स्वस्थ बसतो. जुवाला जोडलेल्या जोडीत एक बैल पुढे आणि दुसरा मागे राहिला की सारा भार एकावर पडतो, तसाच हा प्रकार. पहिला परिवर्तक तापून लवकर निकामी होतो.

यावरचा उपाय असा की, प्रत्येक परिवर्तकाने आपला प्रवाह वाढेल तसा दाब थोडा उतरवावयाचा. दर अँपिअरमागे ०.१ व्होल्ट उतरविण्याचा नियम दोघांनाही घालून दिला, की वरच्याच उदाहरणात एक १०.९ आणि दुसरा ९.१ अँपिअर देतो. भार जवळजवळ समान वाटला जातो. तंत्रज्ञ या पद्धतीला ‘ड्रूप’ नियंत्रण म्हणतात. त्याची किंमत म्हणजे वाहिनीचा दाब ४७ व्होल्टपर्यंत खाली येतो. तो पुन्हा ४८ वर आणण्याचे काम दुसऱ्या पातळीवरचे नियंत्रक, सावकाश, संदेशवहनाच्या साहाय्याने करते. तिसऱ्या पातळीवर दिवसभराचे नियोजन होते: पाण्याचा पंप दुपारी चालवावा की नाही, बॅटरीत किती राखून ठेवावे, आणि राज्याच्या वीजजालाशी जोडणी असेल तर तेथून वीज केव्हा घ्यावी. वरच्या दोन पातळ्यांचे संदेशवहन बंद पडले तरी पहिली पातळी स्वतंत्रपणे चालू राहते. दूरस्थ वाडीत ही गोष्ट फार मोलाची आहे.

दुसरा प्रश्न प्राधान्यक्रमाचा. दाबाचे पट्टे ठरवून तो सोडविता येतो. उदाहरणार्थ, ५२ व्होल्टच्या वर दाब गेला की बॅटरी भरली असे समजून पॅनेलने आपली निर्मिती आवरती घ्यावी; ४८ ते ५२ मध्ये सारी साधने चालावीत; ४८ च्या खाली पंप व पिठाची चक्की थांबावी; ४६ च्या खाली पंखे बंद व्हावेत; आणि त्याहीखाली केवळ दिवे व आरोग्य उपकेंद्रातील लसींचे शीतकपाट चालू राहावे. नेमके आकडे बॅटरीच्या प्रकारावर अवलंबून राहतील. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीचा दाब ती जवळजवळ रिकामी होईपर्यंत फारसा बदलत नाही. त्यामुळे तेथे आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या विजेची वेगळी मोजदाद ठेवून, त्यानुसार नियंत्रकाने वाहिनीचा दाब मुद्दाम चढवावा-उतरवावा लागतो.

तिसरा प्रश्न स्थैर्याचा. जुना तारेचा दिवा दाब उतरला की मंद होई आणि कमी वीज घेई. जालाला त्यामुळे आपोआप दिलासा मिळे. आजची इलेक्ट्रॉनिक साधने तसे करीत नाहीत. दाब उतरला तरी त्यांना ठरलेले वॅट हवेच असतात, म्हणून ती अधिक प्रवाह ओढतात. त्यामुळे दाब आणखी उतरतो. अशी साधने फार झाली की वाहिनीचा दाब हिंदकळू लागतो आणि प्रसंगी सारे जाल बंद पडते. वाहिनीवर पुरेशी धारित्रे बसविणे आणि परिवर्तकांच्या नियंत्रणात हे हेलकावे शमविण्याची योजना करणे, हा त्यावरचा उपाय आहे. वाडीत नवी साधने वाढत जातात तेव्हा हा प्रश्न तंत्रज्ञाकडून पुन्हा तपासून घ्यावा.

यंत्राची मर्यादा, माणसांचा करार

या साऱ्या नियंत्रणाचा प्रत्यक्ष लाभ किती, हे मघाच्याच वाडीवर पाहता येईल. आषाढात सलग ढग दाटले आणि पॅनेलमधून जवळपास काहीच मिळेनासे झाले, तर रोज १५ युनिट वापरणाऱ्या वाडीची बॅटरी दोन दिवसांत संपेल. परंतु पंखे व शाळेची साधने थांबवून केवळ घरातील दिवे, मोबाईल आणि रस्त्यावरचे दिवे चालू ठेवले, तर वाडीला रोज सुमारे साडेचार युनिट लागतात. तीच बॅटरी सहा रात्री पुरते. एक पॅनेलही न वाढविता दोनाचे सहा दिवस होतात.

हे घडण्यासाठी नियंत्रक पुरेसा नाही. वाडीचे एकमत लागते. एखाद्या घराने नियंत्रक वगळून परस्पर तार जोडली, तर नियंत्रकाने पंखे थांबविले तरी त्या घरची बॅटरीवरील ओढ चालूच राहते आणि अंधार मात्र सर्वांच्या वाट्याला येतो. बिहारमधील जहानाबाद जिल्ह्यातील धरणई येथे २०१४ मध्ये १०० किलोवॅटचे सौर सूक्ष्म वीजजाल मोठ्या अपेक्षेने सुरू झाले. पुढे तेथे राज्याच्या जालाची वीज पोचली, बॅटऱ्या निकामी झाल्या आणि ते जाल वापरातून गेले. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात दरेवाडी येथे २०१२ मध्ये सुमारे ४० घरांसाठी ९.४ किलोवॅटचा प्रकल्प उभा राहिला. त्याचे वितरण प्रत्यावर्ती प्रवाहाचे होते. तरीही त्यातून घेण्यासारखा धडा आहे. घरोघर मीटर बसवून, वापरानुसार आकार घेऊन, व्यवस्थापन गावकऱ्यांच्याच न्यासाकडे सोपविण्यात आले होते.

खरे पाहता महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. धुळे व नाशिक जिल्ह्यांतील फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी कोणत्या फडाला केव्हा द्यावयाचे हे शेतकरी मिळून ठरवीत आले आहेत आणि पाटकरी ते अमलात आणीत आला आहे. टंचाईच्या साली फड कमी करावयाचा, हेही सर्वांच्या संमतीने ठरते. एकदिश वीजजालातील नियंत्रक हा एका अर्थाने पाटकरीच होय. त्याला कोणता नियम पाळावयाचा हे सांगण्याचा अधिकार मात्र वाडीचा असला पाहिजे.

ठराव करण्यापूर्वी

म्हणून अशा योजनेचा प्रस्ताव आला असता ग्रामसभेने काही प्रश्न आधी विचारावेत. शेवटच्या घराला भर वापराच्या वेळी किती दाब मिळेल? टंचाईत कोणती साधने कोणत्या क्रमाने बंद होतील, आणि तो क्रम गावाला मान्य आहे काय? बॅटरी किती वर्षांनी बदलावी लागेल आणि त्यासाठी दरमहा किती रक्कम वेगळी ठेवावयाची? गावातील कोणत्या दोन व्यक्तींना देखभालीचे प्रशिक्षण मिळेल? उद्या राज्याच्या जालाची वीज आली तर हे जाल तिला कसे जोडले जाईल? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एकदिश पद्धतीत तुलनेने सोपे आहे. बाहेरून येणारी वीज एकदिश करून वाहिनीला जोडली की ती आणखी एक पुरवठादार बनते. मुख्य वाहिनी तुटली तरी वाडीचे दिवे चालू राहतात.

शिक्षकांनाही येथे मोठे काम आहे. वॅट, तास आणि युनिट यांचा वर दिलेला हिशेब माध्यमिक शाळेच्या विद्यार्थ्यांना सहज करता येण्याजोगा आहे. मुलांनी आपल्या घरातील साधनांची यादी करून तो मांडला, तर वाडीच्या गरजेचा पहिला अंदाज शाळेच्या फळ्यावरच तयार होईल, आणि ग्रामसभेपुढे येणारे अंदाजपत्रक तपासण्यास तो उपयोगी पडेल.